शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचं औषध

मंडळी, आजचा विषय जरा घामट आहे. बेंच प्रेस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही (म्हणजे आमच्या घरची निम्मी मंडळी), त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. अरुंद बाकावर उताणं झोपायचं, वजनं लावलेली रॉड सरळ हातांनी पेलायची, छातीला टेकवायची आणि पुन्हा वर ढकलायची. बस्स. आता ही एवढीशी गोष्ट वाढवण्यासाठी लोक दुसरे डझनभर व्यायाम करतात. त्यांना पूरक व्यायाम म्हणतात. माझं आजचं भांडण या पूरक व्यायामांशी नाही, ते निवडण्याच्या पद्धतीशी आहे. ही पद्धत म्हणजे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरचं औषध आपण आणून घेणं. शेजाऱ्याला मुतखडा, आपल्याला सर्दी. पण गोळी भारीतली आहे ना, मग घ्या!

आता ही चिठ्ठी मुळात कोणाची ते बघू. १९८३ साली जॉन इन्झर नावाच्या अमेरिकन माणसाने बेंच शर्ट काढला. शर्ट म्हणजे इस्त्रीचा नव्हे. भयंकर घट्ट आणि ताठ कापडाचा, घालणाऱ्याचे हात भुतासारखे समोर ताणून धरणारा. तो घालून रॉड खाली आणली की कापड ताणलं जातं, आणि वर ढकलताना तोच ताण मदतीला येतो. चांगल्या शर्टात कमी वजनाने रॉड छातीपर्यंत पोचतसुद्धा नाही, इतका विरोध! मदत सगळ्यात जास्त कुठे? अगदी तळाशी, छातीजवळ. वर जाल तशी ती कमी होत जाते आणि शेवटच्या टप्प्यात, हात सरळ करताना, तुम्ही आणि तुमचे ट्रायसेप्स एवढेच उरता.

फरक किती पडतो? २०२१ मध्ये ज्युलियस मॅडॉक्सने शर्टाशिवाय ३५५ किलो ढकलले. २०२३ मध्ये जिमी कोल्बने शर्ट घालून ६३५. माणसं वेगळी आहेत, त्यामुळे सरळ वजाबाकी करू नये हे कबूल. पण एवढ्यावरून एक कळायला हरकत नाही, की हे दोन वेगळे खेळ आहेत. शर्टवाल्याची रॉड अडते वरच्या टप्प्यात, कारण खालचं काम कापडाने केलेलं असतं. मग त्याने काय करावं? वरचा टप्पा कमवावा. ओहायोतल्या कोलंबस गावच्या वेस्टसाइड बारबेलच्या लुई सिमन्सने (२०२२ मध्ये ते गेले) हेच शास्त्रशुद्ध करून जगाला सांगितलं. छातीवर लाकडी फळ्या ठेवून त्यांच्यापर्यंतच रॉड आणायची, तो बोर्ड प्रेस. जमिनीवर झोपून कोपरं टेकेपर्यंतच आणायची, तो फ्लोअर प्रेस. रॉडला साखळ्या किंवा जाड रबरी पट्टे लावायचे, म्हणजे वर जाईल तसं वजन वाढेल. सगळं बिनतोड आहे. त्या रोग्यासाठी.

आता आपल्याकडे या. आपल्याकडचा बेंच रॉ असतो. रॉ म्हणजे शर्ट नाही. फार तर कमरेला पट्टा आणि मनगटाला गुंडाळी. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघ यालाच क्लासिक म्हणतो, आणि २०१३ पासून क्लासिकची स्वतंत्र जागतिक स्पर्धाही भरते. म्हणजे बिनशर्टाचा खेळ काही सावत्र राहिलेला नाही. पण सल्ले मात्र शर्टाच्या जमान्यातलेच फिरत राहिले. आमच्या जिममध्ये कोणाचाही बेंच अडला की त्याच दिवशी निदान तयार: "तुझा लॉकआउट कमजोर आहे." आणि औषधही तयार: कोपऱ्यात ठेवलेली सुताराकडून कापून आणलेली फळी.

बिनशर्टाच्या माणसाची रॉड खरंच कुठे अडते, हे एकदा मोबाइल बाजूला उभा करून बघा. बहुतेकांची अडते ती छातीच्या वर चार बोटं ते वीतभर, या पट्ट्यात. तळाशी ताणलेल्या स्नायूंची जी सुरुवातीची उसळी असते ती संपलेली असते, दंड जमिनीला जवळपास समांतर आलेले असतात आणि तरफेच्या हिशोबाने खांद्यावरचा भार तिथे जड पडतो. एकदा ही घळ ओलांडली की वरचा रस्ता त्या मानाने सोपा. म्हणूनच तर फळीवरून १०० किलो ढकलणारा माणूस छातीवरून ८० ला अडतो! यात कौतुकाचं काही नाही. फळीने त्याच्या रस्त्यातली घळच भरून टाकलेली असते. आणि ताकदीचा स्वभाव असा की ती ज्या टप्प्यात कमवाल त्याच टप्प्यात आणि त्याच्या आसपास जास्त येते. वरच्या वीतभरात कमावलेली ताकद खाली फारशी झिरपत नाही.

याहून मजेची गोष्ट सांगतो. आपण शर्ट घालत नाही म्हणतो खरं, पण दोन फुकटचे शर्ट रोज घालतो. पहिला बरगड्यांचा. रॉड छातीवर आपटायची आणि उसळी घेऊन वर न्यायची. दुसरा मित्राचा. "सपोर्ट दे रे" म्हटलं की डोक्याशी उभा असलेला मित्र दोन बोटं लावतो, दोनाची चार होतात आणि वर ओरडतो, "तुझंच आहे, सगळं तुझंच आहे!" (त्याच्या दंडांच्या शिरा फुगलेल्या असतात ते सोडा.) हे दोन्ही शर्ट मदत कुठे करतात? पुन्हा तळाशीच. म्हणजे उसळी घेऊन बेंच आणि फळी लावून पूरक, असा ज्याचा आठवडा आहे त्याने आपला सगळ्यात अवघड टप्पा आठवड्यातून एकदाही स्वतःच्या ताकदीने पार केलेला नसतो. स्पर्धेत मात्र रॉड छातीवर स्थिर करावी लागते, पंचाने "प्रेस" म्हटल्यावरच ढकलता येते. तिथे मित्रही नाही आणि उसळीही नाही.

पूरक हा शब्दच बघा ना. जे उणं आहे ते पुरं करतं ते पूरक. मग आधी उणं काय ते ठरवायला नको? कोणताही व्यायाम यादीत घ्यायच्या आधी मी त्याला तीन प्रश्न विचारतो. तू माझ्या अडणाऱ्या टप्प्यातून जातोस का? माझ्या नेहमीच्या बेंचमध्ये जे कमी पडतं ते तू देतोस का? आणि तुझ्यामुळे माझा मुख्य बेंच दमून तर जात नाही ना? तिन्हींची उत्तरं नीट आली तरच प्रवेश.

या चाळणीतून जे खाली उरतं ते फारच साधं निघतं. पहिला, छातीवर दोन ते तीन सेकंद पूर्ण थांबून मारलेला बेंच. वजन कमाल ताकदीच्या ७० टक्क्यांच्या आसपास, चार-पाच सेट, प्रत्येकी तीन-चार रेप. अहंकाराला फार लागतो, म्हणून लोक टाळतात. दुसरा, जवळ पकडीचा बेंच, पण छातीपर्यंत. जवळ म्हणजे खांद्यांच्या रुंदीइतकी. अंगठ्याला अंगठा भिडवून मनगटं मोडून घ्यायची नाहीत. ट्रायसेप्स हवेत ना? घ्या, पण पूर्ण अंतरातून घ्या. तिसरा, डंबेल प्रेस. दोन्ही हातांना आपापला भार, म्हणून उजव्याने डाव्याची चोरी झाकायची सोय नाही. चौथा, उभ्याने डोक्यावर रॉड ढकलणं किंवा तिरक्या बाकावरचा प्रेस, ज्याचे खांदे मागे पडतात त्याच्यासाठी. आणि शेवटी वाटलंच तर ट्रायसेप्सचा एखादा सुटा व्यायाम, कारण ट्रायसेप्सचं लांब शिर खांद्यावरून जातं आणि नुसत्या बेंचने त्याला पुरेसं काम मिळत नाही. यातले सगळे एकदम नाही हं! एका वेळी एक किंवा दोन, आठ आठवडे, आणि वहीत नोंद. पूरक व्यायाम वाढला आणि बेंच तिथेच राहिला, तर तो व्यायाम तुमच्यापुरता पूरक नाही. त्याचा सत्कार करा आणि निरोप द्या.

आणि या सगळ्याच्या आधी एक प्रश्न. तुम्ही बेंच तरी पुरेसा मारता का? सोमवारी "चेस्ट डे". बेंचचे चार सेट, त्यानंतर तिरका, उलटा तिरका, फ्लाय, केबल, पेक-डेक. दहाच्या हिशोबाने बेंचचे रेप ४० आणि बाकीच्यांचे २००. पुन्हा बेंचचं तोंड पुढच्या सोमवारी. ही म्हणजे पोहणं सुधारायला आठवड्यातून एकदा पाण्यात उतरून बाकी वेळ काठावर हात हलवण्यासारखी गोष्ट झाली. ६०-७० किलोंवर अडलेल्या माणसाचा सगळ्यात चांगला पूरक व्यायाम म्हणजे गुरुवारी पुन्हा एकदा बेंच. तोही नीट, थांबून, दुसऱ्याच्या हातांशिवाय. (आई, घाबरू नकोस. शेजारी माणूस उभा असतोच. फक्त रॉड खाली यायला लागेपर्यंत त्याने हात लावायचा नाही, एवढंच.)

आता विरोधी पक्षाची बाजू, कारण ती खोटी नाही. खांदा दुखत असेल तर तळाचा भाग काही दिवस टाळायला फळी किंवा फ्लोअर प्रेस उत्तम. काही लोकांची रॉड खरोखरच वर अडते. शर्टाच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांना तर या व्यायामांवाचून गत्यंतर नाही. आणि "रोज तेच तेच केलं की कंटाळा येतो" हेही खरं. पण ही सगळी कारणं "माझ्या बाबतीत असं आहे" अशी सुरू होतात. मी ज्याच्याशी भांडतोय ते कारण "तो मोठा लिफ्टर असं करतो" असं सुरू होतं. "अडते तिथेच कमजोरी" हाही एक अर्धवट समज. त्या घळीत सगळ्यांचीच रॉड मंदावते, दुबळ्याची आणि दांडग्याचीही. तुम्ही छातीवरून किती वेगाने निघालात आणि रॉड पायांकडे भरकटली की खांद्यांच्या दिशेने मागे गेली, हेही बघावं लागतं. कित्येकदा उणीव ताकदीची नसतेच, वळणाची असते. आणि वळण कुठल्याच पूरक व्यायामाने येत नाही, ते बेंच मारूनच येतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? फळी लावली तर लावली, कोणाचं काय बिघडलं? बिघडतं, मंडळी. आमच्याकडे बावीस वर्षांचा एक पोरगा येतो. दिवसभर दुकानात उभा असतो, रात्री नऊनंतर जिम, पगारातून अंडी आणि फी. वर्षभर त्याने फळी इमानाने लावली. फळीवर ११० झाले, छातीवरून ८५ होते ते ८५ च राहिले. एके रात्री म्हणाला, "काका, आपली बॉडीच तशी नाही." वर्षभराची मेहनत चुकीच्या ठिकाणी ओतली गेली आणि दोष त्याने देहाला दिला! आणि देहाला दोष दिला की देह दुरुस्त करून देणारे तयारच असतात. "एक कोर्स कर, तीन महिन्यांत बघ" म्हणणारा प्रत्येक वस्तीत भेटतो. सुई शरीरातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बंद पाडते आणि हृदयाला त्रास देते, हे सांगायला तो थांबत नाही. फळीपासून सुईपर्यंतचं अंतर वाटतं तेवढं लांब नाही. मधे फक्त "आपल्यात दम नाही" एवढं एक वाक्य आहे.

म्हणून मला हा विषय पोटापाण्याचा नसूनही तळमळीचा वाटतो. चुकीचा पूरक व्यायाम वेळ खातो ते चालेल, वेळ परत मिळवता येतो. पण तो माणसाचा स्वतःवरचा विश्वास खातो आणि वर पावतीही देत नाही. जे पोरगं वर्षभर रात्री नऊला न चुकता येतं त्याच्यात दम नाही असं कोण म्हणेल? त्याला चिठ्ठी चुकीची मिळाली होती, इतकंच.

आमचे आजोबा तालमीत जायचे. अर्धा जोर त्यांच्याकडे मोजायचेच नाहीत. छाती खाली गेली नाही की आकडा पुढे सरकायचा नाही. त्यांना लॉकआउट हा शब्द माहीत नव्हता, वेस्टसाइडही नाही. पण माप कुठून कुठपर्यंत घ्यायचं हे पक्कं ठाऊक होतं. आपल्याला एवढं जमलं तरी पुष्कळ आहे.

असो. त्या पोराचं पुढे काय होईल ते अजून ठरायचंय. सध्या तो ७० किलो छातीवर दोन सेकंद थांबवून मारतोय आणि माझ्यावर सणकून चिडलेला आहे :)