जर्मनीतील मराठी घर आणि उसनी इंग्रजी

पुणे आणि स्टुटगार्ट ही दोन शहरे वाहनउद्योगाने एकमेकांच्या बरीच जवळ आणली आहेत. चाकणच्या कारखान्यात चार-पाच वर्षे काढलेला अभियंता कंपनीच्या कामासाठी सहकुटुंब जर्मनीला जातो, तीन वर्षांसाठी म्हणून गेलेला सहा वर्षे राहतो, आणि दरम्यान त्याचे मूल तेथील बालवाडीत जाऊ लागते. संगणक क्षेत्रातील मंडळी म्युनिक, फ्रँकफर्ट येथे अशीच स्थिरावली आहेत. या घरांतून एक प्रश्न मोठ्या काळजीने चर्चिला जातो. मूल बाहेर जर्मन बोलते, घरात मराठी. मग त्याच्या इंग्रजीचे काय? उद्या परतावे लागले, तर पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत त्याचा निभाव कसा लागणार?

ही काळजी अनाठायी नाही. अमेरिका वा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मुलाला इंग्रजी अंगणातच मिळते. जर्मनीत तसे होत नाही. तेथे सहाव्या वर्षी मुलाला शाळेत घालणे कायद्याने बंधनकारक आहे, घरी शिकवण्याची मुभा जवळपास नाहीच, आणि सरकारी प्राथमिक शाळेचे माध्यम अर्थातच जर्मन. इंग्रजी माध्यमाच्या आंतरराष्ट्रीय शाळा आहेत, परंतु त्यांचे वार्षिक शुल्क हजारो युरोंच्या घरात जाते; कंपनी भरणार नसेल, तर मध्यमवर्गीय कुटुंबाने तिकडे फिरकू नये हेच बरे. तेव्हा इंग्रजीची सोय घरीच पाहावी लागते, हे मान्य.

तथापि, ती सोय करण्याचा जो मार्ग अनेक घरे निवडतात, तो मात्र चिंताजनक आहे. मूल दोन-अडीच वर्षांचे झाले की आई-वडील त्याच्याशी इंग्रजीतच बोलू लागतात. काही घरांत वाटणी होते. आईने मराठी बोलायचे, वडिलांनी इंग्रजी. ‘एक व्यक्ती, एक भाषा’ हे सूत्र त्यासाठी पुढे केले जाते.

या सूत्राचा उगम पाहण्यासारखा आहे. झ्यूल रोंझा हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ, त्यांची पत्नी जर्मन. मुलगा लुई जन्मला तेव्हा मोरिस ग्रामाँ या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांना सल्ला दिला की, प्रत्येकाने मुलाशी आपल्याच भाषेत बोलावे, सरमिसळ करू नये. रोंझा यांनी तो पाळला आणि मुलाच्या प्रगतीच्या नोंदींचे पुस्तक १९१३ साली प्रसिद्ध केले. लुई दोन्ही भाषा उत्तम शिकला. परंतु येथे एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. वडील बोलत होते ती त्यांची मातृभाषा होती आणि आई बोलत होती ती तिची. ज्या भाषेत आपण स्वतः लहानाचे मोठे झालो, ती त्यांनी मुलाला दिली. सांगली वा नाशिकच्या मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजीशी खरी ओळख महाविद्यालयात झालेल्या पित्याने मुलाशी इंग्रजीत बोलणे हा त्या सूत्राचा अवलंब नव्हे.

कारण आपली इंग्रजी ही कार्यालयाची इंग्रजी आहे. बैठक, अहवाल, मुदत, वेळापत्रक यांसाठी ती समर्थ आहे आणि तिच्या जोरावर आपण परदेशी नोकरी मिळवली, याचा अभिमानही असावा. पण तीन वर्षांच्या मुलाला भरवताना, न्हाऊ घालताना, रुसलेल्याला समजावताना लागणारे शब्द तिच्यात आपल्यापाशी नसतात. मराठी आई स्वयंपाकघरात मुलाला जवळ घेऊन बसते तेव्हा ती ताक घुसळते, वरण घोटते, कणीक मळते, चहा ढवळते, दहीभात कालवते आणि उकडलेला बटाटा कुस्करते. प्रत्येक क्रियेला तिच्याजवळ वेगळा शब्द आहे आणि तो शब्द उच्चारताना तिला आठवावे लागत नाही. हीच आई इंग्रजीत बोलू लागली की सहाही क्रिया ‘मिक्स’ होतात. मूल जे ऐकते, तेच शिकते. त्याला इंग्रजीही अपुरी मिळते आणि सहा मराठी शब्दही जातात.

शब्दांबरोबर आणखीही काही जाते. रागावणे, चिडवणे, थट्टा करणे, गोष्ट रंगवणे ही सारी कामे माणूस आपल्या भाषेत जितकी मोकळेपणाने करतो तितकी परक्या भाषेत करीत नाही. आजीचा साताऱ्याहून दूरध्वनी येतो तेव्हा सात वर्षांचा नातू ‘हाय’ म्हणून यंत्र आईच्या हाती देतो. आजी विचारते, ‘बाळा, जेवलास का?’ ते त्याला कळते, पण उत्तर देता येत नाही. घरोघर घडणारा हा प्रसंग आहे आणि त्यात नातवाचा काही दोष नाही.

भाषा शिकण्याच्या शास्त्रातही या बाबतीत पुरेसे मार्गदर्शन उपलब्ध आहे. कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेले विवेचन प्रसिद्ध आहे. नव्या भाषेत खेळगड्यांशी बोलण्याइतके प्रावीण्य मुलाला साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तक समजण्याइतके, युक्तिवाद करण्याइतके प्रावीण्य यायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि पहिल्या भाषेत जे विचाराचे बळ कमावलेले असते, ते दुसरीत उतरते. गोष्टीतील कार्यकारणभाव ज्याला मराठीत उलगडता येतो, त्याला जर्मनमध्ये तो नव्याने शिकावा लागत नाही. केवळ शब्द मिळवावे लागतात. जर्मन बालवाडीतील शिक्षिकाही आज परदेशी पालकांना बहुधा हेच सांगतात की, घरी तुमचीच भाषा बोला, जर्मन आम्ही पाहू. आपले पालक तो सल्ला ऐकतात आणि घरी येऊन इंग्रजी सुरू करतात!

खुद्द जर्मनांचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने या शतकाच्या आरंभी पहिल्या इयत्तेपासून परकीय भाषा सुरू केली होती. २०१८-१९ पासून ती पुन्हा तिसरीपासून शिकवली जाऊ लागली. मोकळ्या झालेल्या तासिका जर्मन आणि गणिताकडे वळवण्यात आल्या. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यानेही २०२१-२२ पासून इंग्रजी तिसरीपर्यंत पुढे ढकलली. म्हणजे तेथील मूल इंग्रजीला मुकते असे नाही. आठव्या-नवव्या वर्षी ती त्याला शाळेतच भेटते. हे ध्यानात घेतले तर पालकांची निम्मी धास्ती कमी व्हावी.

इंग्रजीचा द्वेष करावा असे येथे कोणी सुचवीत नाही. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्यांत अग्रणी होते आणि त्याच काळात त्यांची ‘निबंधमाला’ही चालू होती. इंग्रजी उत्तम शिकावी, पण ती शिकण्याची भाषा म्हणून शिकावी. घराची भाषा तिने गिळू नये.

व्यवहारात हे साधायचे कसे? इंग्रजीला दिवसाची एक ठरावीक वेळ द्यावी. रात्री निजण्यापूर्वी वीस मिनिटे चित्रमय पुस्तक मोठ्याने वाचावे, तेच पुस्तक आठवडाभर वाचले तरी चालते. मुलांना ते आवडतेच. जर्मनीतील मोठ्या शहरांच्या सार्वजनिक ग्रंथालयांत इंग्रजी बालपुस्तके असतात. उच्चारांसाठी ध्वनिमुद्रित गोष्टी ऐकवाव्यात, कारण आपण मराठी माणसे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोहोंना एकच ‘व’ पुरवतो. लेखन-वाचन मात्र जर्मन वाचन पक्के होईपर्यंत, म्हणजे साधारण दुसरीपर्यंत, थांबवावे. अक्षरे तीच असली तरी ध्वनी वेगळे आहेत. जर्मनमध्ये ‘डब्ल्यू’चा उच्चार ‘व’, ‘व्ही’चा बहुधा ‘फ’, ‘जे’चा ‘य’ आणि ‘झेड’चा ‘त्स’; इंग्रजीतील ‘झू’ जर्मन मूल ‘त्सो’ असा वाचते. दोन्ही एकाच वेळी लादल्यास गोंधळ ठरलेलाच. देवनागरीची मात्र अशी अडचण नाही. लिपीच निराळी असल्याने ती पाचव्या-सहाव्या वर्षी खुशाल शिकवावी.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. जर्मन भाषा पंचवीस हा आकडा ‘पाच आणि वीस’ असा उच्चारते, एकक आधी, अगदी मराठीसारखा. इंग्रजी उलट चालते. त्यामुळे मराठी घरातील मुलाला जर्मन अंकगणित सोपे जाते आणि परतल्यावर इंग्रजी आकडे लिहून घेताना ते अडखळते. परतीच्या आधीचे सहा महिने या सरावाला द्यावेत. गणितातील इंग्रजी संज्ञाही तेव्हाच करून घ्याव्यात.

परतीचा विचार करताना आणखी एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले आहे. जर्मनीत इंग्रजीवर वाढवून आणलेले मूल पुण्यातील शाळेत बसेल तेव्हा इंग्रजीच्या तासाला इतर मुले त्याच्या बरोबरीची असतील. शिकवणी लावावी लागेल ती मराठीची, आणि ती लावणारे आई-वडील दोघेही मराठी असतील.