मत्स्यपेटीतील पंप आणि आपली हयगय

शेतीला जोडधंदा म्हणून शोभिवंत माशांच्या संगोपनाकडे आपल्या तरुण शेतकऱ्यांचे लक्ष वळत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही या धंद्याला स्थान मिळाले. परंतु पेट्या व पंप यांच्या खरेदीचा जेवढा विचार होतो, तेवढा त्यांच्या निगेचा होत नाही. मासे मेले की पंपाला दोष देऊन आपण मोकळे होतो. हे योग्य नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गाळणी केवळ कचरा अडविते, हा समज अपुरा आहे. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो विषारी असतो. गाळणीच्या स्पंजावर वाढणारे सूक्ष्म जंतू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अमोनियम सल्फेट जमिनीत घातल्यावर हेच घडते. ते शेतकऱ्यास नव्याने सांगावयास नको. या जंतूंना प्राणवायूयुक्त पाणी अखंड पुरविणे, हे पंपाचे खरे काम.

प्रस्तुत लेखकाने एकदा उत्साहाच्या भरात सगळा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली स्वच्छ धुऊन काढला. पेटी आरशासारखी दिसू लागली. पण चार दिवसांतच मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि निम्मे दगावले. पंप मात्र बिनतक्रार चालूच होता! तात्पर्य, स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळावा व सर्व स्पंज एकदम बदलू नये. नव्या गाळणीत जंतूंची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

प्रवाह मंदावल्यास नवा पंप आणण्याची घाई करू नये. प्रथम विजेचा प्लग काढावा. मग स्पंज, पाणी ओढणारी जाळी व शेवटी पंपातील चुंबकी चक्र या क्रमाने तपासणी करावी. विहिरीच्या जड पाण्याने चक्रावर क्षारांचा थर बसतो. ते व्हिनेगर मिसळलेल्या पाण्यात भिजवून, घासून, स्वच्छ धुवावे. घरघर होत असल्यास पंपात हवा अडकली आहे किंवा आस झिजला आहे, असे समजावे. पंप कोरडा चालू देऊ नये. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. अन्यथा वीज जाताच नळीवाटे पाणी उलट येते. वीज बराच वेळ गेल्यास बंद गाळणीतील पाणी प्राणवायूअभावी नासते. ते ओतून टाकल्यावाचून पंप सुरू करू नये.

यांपैकी कशालाही मोठा खर्च नाही; हवी ती नियमितपणाची सवय. म्हणून अनुदानाबरोबर निगेचे शिक्षणही द्यावे आणि प्रत्येकाने पेटीगणिक सफाईची एक वही ठेवावी, अशी आमची सूचना आहे. गोठ्यातील जनावराकडे दररोज पाहणारा शेतकरी गाळणीतील या न दिसणाऱ्या जित्राबाची उपेक्षा कशी करील?