कापसाच्या गाड्या आणि ‘सर्व्हर बिझी’

गेल्या जूनमधली गोष्ट. शेजारच्या मुलीला कॉलेजच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता आणि मुदत संपायला एकच दिवस उरला होता. तिच्याबरोबर केंद्रावर गेलो, तर पडद्यावर ‘सर्व्हर बिझी’. दोन तास बसून रिकाम्या हाताने परतलो. पोर रडवेली झाली.

रात्री हैदराबादला संगणकाचे काम करणाऱ्या भाच्याला फोन लावला. म्हटले, “अरे, एवढी मोठी यंत्रे, मग अडतात कशी?”

“मामा, बरेचदा यंत्र काम करत नसतं, वाट पाहत असतं.”

त्याने सांगितले ते आपल्या आदिलाबादच्या मार्केट यार्डावरून समजते. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडीमागे एक माणूस नेमला, तर हिशेब सोपा. संगणकातही प्रत्येक ग्राहकामागे एक ‘थ्रेड’ नेमता येतो. दुसरीकडून उत्तर येईपर्यंत तो झोपून राहतो. त्या उत्तराला १० मिलिसेकंद लागले, तर तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे ३ कोटी ठोके पडून जातात. ते दुसऱ्यांच्या कामी लावता येतात. पण झोपलेला थ्रेडही मेमरीत जागा अडवतो आणि एकावरून दुसऱ्यावर जाण्यात वेळ जातो. पन्नास गाड्यांना हे चालते. दहा हजार आल्या तर? डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये नेमका हाच प्रश्न मांडला होता.

दुसरी रीत एकाच मुकादमाची. कोणापाशी थांबायचे नाही, जी गाडी तयार तिचे काम करायचे. यालाच असिंक्रोनस म्हणतात. पूर्वी मुकादम प्रत्येक गाडीला ‘झाले का?’ विचारत फिरे. २००२ मध्ये लिनक्समध्ये ‘ईपोल’ आले आणि फक्त तयार गाड्यांची यादी हातात मिळू लागली. २०१९ च्या ‘आयओ-युरिंग’मध्ये तर दोन वह्या ठेवल्या: एकीत मागण्या लिहायच्या, दुसरीत झालेली कामे वाचायची. दर कामाला कचेरीत खेटे घालणे वाचले.

मग सगळीकडे हीच रीत का नाही? कारण फुकट काही मिळत नाही. मुकादम एका गाडीपाशी अडकला की सगळे यार्ड थांबते. अर्धवट कामांची नोंद ठेवावी लागते, चूक शोधणे अवघड जाते. नव्या सोयीत चोरवाटाही निघतात. आयओ-युरिंगमधल्या त्रुटींमुळे गूगलने २०२३ मध्ये आपल्या सर्व्हरवर तिचा वापर बंद केल्याचे सांगितले. शिवाय एकट्या गाडीचे माप याने लवकर होत नाही. ग्राहक थोडे असतील तर साधी रीतच बरी, कधी कधी वेगवानही.

“आणि काटाच हळू असला तर?” मी विचारले.

“तर मुकादम कितीही हुशार असो, मामा, गर्दी काट्यापाशीच होणार. म्हणून आधी बघायचं, वाट कशाची पाहतोय.”

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडताच, गर्दी व्हायच्या आत, आम्ही दारात हजर होतो. दाखला मिळाला, प्रवेशही झाला. आपल्या घरातली मुले संगणक शिकत असतील, तर त्यांना भाच्याचे हे वाक्य जरूर सांगा. वेग वाढवण्याआधी अडते कुठे ते शोधायला शिकले, तर अशा कितीतरी पोरींचे हेलपाटे वाचतील.