शेळी घ्याल तर धार बघून घ्या

घरच्या दुधासाठी शेळी घ्यायची असेल, तर मोबाईलवर दिसणाऱ्या परदेशी शेळ्यांच्या नादी लागण्याआधी संगमनेरी बघा. अहिल्यानगर, नाशिक, पुणे या पट्ट्यातली ही जात. उस्मानाबादी मटणासाठी आणि जुळ्या करडांसाठी नावाजलेली, दुधाला मात्र संगमनेरी उजवी. आपल्या उन्हाची आणि चाऱ्याच्या टंचाईची तिला सवय आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या जातीच्या सुधारणेचं काम चालतं. तिथे चौकशी करायला काहीच हरकत नाही.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. दिवसाला लिटरभर दूध देणारी संगमनेरी चांगलीच म्हणायची. बादली भरेल असं सांगणाऱ्याला रामराम करा.

रंगावर जाऊ नका. बहुतेक पांढऱ्या असतात, पण तांबूस, काळ्या, ठिपक्याच्याही निघतात. खरी गोम कासेत आहे. बाजाराच्या दिवशी व्यापारी सकाळची धार काढतच नाहीत, करडूही लांब बांधतात. दुपारी कास टम्म दिसते आणि गिऱ्हाईक भुलतं. म्हणून जमेल तर बाजारात न घेता मेंढपाळाच्या किंवा शेतकऱ्याच्या दारात घ्या. संध्याकाळी तुमच्यासमोर पूर्ण धार काढायला लावा आणि सकाळी पुन्हा जाऊन दूध मोजा. रिकामी झालेली कास पिळलेल्या फडक्यासारखी मऊ पडली पाहिजे. गाठ लागली, एखादा सड गरम किंवा कडक लागला, तर दगडीची शंका घ्या आणि किंमत न विचारताच परत या. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची शेळी पहिलारूपेक्षा बरी, कारण तिचं दूध आधी दिसलेलं असतं.

चाऱ्याचं फार अवघड नाही: शेवरी, सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा, तुरीचं भुसकट. धान्याचं पोतं मोकळं सापडू देऊ नका, पोटफुगीनं रात्रीत जाते. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. पीपीआरची लसही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरवा.

बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधा. त्याचा वास दुधाला लागतो आणि मग लोक शेळीच्या दुधालाच नावं ठेवतात. दोन वर्षं झाली की बोकड बदला, नाहीतर तो स्वतःच्याच पाठींवर जातो आणि कळप खुरटतो. शेजारच्या गावात अदलाबदल केली तर पैसेही लागत नाहीत.

दूध उकळूनच प्या, ताजी धार औषधी असते असं कुणी कितीही सांगो. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी ते देऊ नका. त्यात फॉलिक आम्ल फार कमी असतं, बाळाचं रक्त कमी होतं. मोठ्यांनी मात्र चहापासून दह्यापर्यंत खुशाल वापरावं.