गालिचा आणि तांबडी माती

गणपती गेले, चाकरमानी मुंबईला परतले, की रत्नागिरीतल्या बऱ्याच घरांत एक वास मागे राहतो. कापूर-उदबत्तीच्या वासाखालून येणारा, भिजलेल्या गोणपाटासारखा. तो हॉलमधल्या गालिच्याचा असतो. पाहुणे यायचे म्हणून ऐन भाद्रपदात हौसेने अंथरलेला, ओल्या पायांनी तुडवलेला आणि गौरी-गणपतीच्या गडबडीत एकदाही न उचललेला.

माझं म्हणणं असं की रत्नागिरीत गालिचा हा आठ महिन्यांचा पाहुणा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. या हवेत ओला गालिचा दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरलीच म्हणून समजा. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा ही थंड देशांची सोय, फरशीचा गारठा अडवायला. आपल्याला तो गारठा हवाच असतो. आपल्या जुन्या घरांत भजनाला जाजम अंथरत आणि मंडळी उठली की गुंडाळून बाकावर ठेवत, ते काही नुसत्या गरिबीने नव्हे.

आता उरलेल्या आठ महिन्यांबद्दल. गालिचा जुना दिसतो तो डागांनी कमी आणि मातीने जास्त. आपली जांभ्याची तांबडी धूळ आणि मांडवी-भाट्याहून पायाला लागून येणारी रेती या दोन्ही वर दिसत नाहीत, लोकरीच्या बुडाशी जाऊन बसतात. वरून पाऊल पडलं की ते टोकदार कण धाग्याला घासतात. म्हणून दारापासून सोफ्यापर्यंतचा पट्टाच आधी निस्तेज होतो. तो नंतर कितीही धुतला तरी उजळत नाही, कारण तिथे मळ नसतो, धागाच झिजलेला असतो. दाराबाहेर काथ्याचं खरखरीत पायपुसणं आणि आत सुती, एवढं केलं तरी निम्मं काम होतं. वर्षातून दोनदा गालिचा फिरवून घालावा, म्हणजे रोजची ये-जा एकाच पट्ट्यावर होत नाही.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो सावकाश फिरवावा. झाडूसारखा भराभर मारला तर वरचे केसच निघतात. मशीन नसेल तर गालिचा जुन्या वर्तमानपत्रांवर पालथा घालावा, पाठीवर तळहाताने थापट्या द्याव्यात आणि अलगद उचलावा. कागदावर मातीचा तांबडा थर दिसतो. वरून स्वच्छ दिसणाऱ्या गालिच्यातून तो निघाला की घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

गालिच्यावर मीठ भुरभुरून ठेवा, मळ ओढून घेतं, असा एक सल्ला सगळीकडे फिरतो. कोरड्या गावात काय व्हायचं ते होवो, समुद्राकाठी हा आचरटपणा आहे. मीठ हवेतली ओल ओढतं. थोडं जरी बुडाशी राहिलं तरी गालिचा कायमचा दमट. उलट समुद्रावरून आल्यावर पाय धुऊन, पुसूनच आत यावं.

डागांचं म्हणाल तर आपले डागही कोकणी. चहा सांडला तर सुती फडक्याने कडेकडून मध्याकडे टिपत यावं, चोळू नये, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि घरात आरडाओरडा होतो. घाबरू नये, तो रंग उन्हात विरतो. आमरसाचंही थोडंफार तसंच. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही. त्याला खोबरेल तेल हवं, मग तेल शोषायला टाल्कम पावडर, ती झाडली की शेवटी साबणाच्या पाण्याचा हलका बोळा. काजूच्या बोंडाचा रस मात्र लगेच थंड पाण्याने टिपला तरच आशा. वाळला तर त्या जागेवर टीपॉय सरकवावा.

काही झालं तरी बादलीभर पाणी ओतू नये. पुष्कळ गालिच्यांच्या पाठीला ताग असतो. तो भिजला की वाळताना त्याचा तपकिरी रंग वर चढतो आणि डागाच्या जागी मोठा डाग होतो.

आपला गालिचा लोकरीचा की प्लास्टिकच्या धाग्याचा, हे दुकानदारापेक्षा काडेपेटी खरं सांगते. कडेचा एक धागा तोडून, दूर नेऊन जाळावा. केस जळल्याचा वास आला तर लोकर. वितळून मणी झाला तर प्लास्टिक. लोकरीला कसर लागते, तीही सोफ्याखाली, जिथे उजेड नाही आणि हात जात नाही, तिथे. म्हणून महिन्यातून एकदा सोफा सरकवणं आलं.

मे संपता संपता गालिचा उलटा करून उन्हात घालावा. सुलटा घातला तर रंग उडतो. मग घडी न घालता, केसाळ बाजू बाहेर ठेवून एखाद्या जाड पाइपावर गुंडाळावा. वरून प्लास्टिक नको, आत ओल कोंडते; जुनं सुती लुगडं उत्तम. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. श्रावणात उघडीप मिळाली तर तासभर उलगडावा. विंडसर किल्ल्यात आग्र्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी राणी व्हिक्टोरियासाठी विणलेला अवाढव्य गालिचा आहे. १९९२ च्या आगीत तो गुंडाळायला पन्नास सैनिक लागले. आपल्याला दोन माणसं पुरतात, तरी कंटाळा येतो.

आणि गणपतीत? सतरंजी अंथरावी. निरांजनातलं तेल सांडलं, मोदकाचं तूप सांडलं, तरी विहिरीवर नेऊन आपटता येते.

यंदा भिजलाच असेल आणि धुवायला द्यायचा असेल, तर भाव विचारण्याआधी वाळवणार कुठे ते विचारा. ऑक्टोबरचं ऊन पक्कं पडेपर्यंत थांबलात तर बरं. गालिचा परत आला की पाठीला हात लावून बघा. गार लागला तर तो अजून ओला आहे. पैसे उद्या द्यावेत.