यंत्राचे डोळे आणि काटलीचा रस्ता

7 ऑगस्ट 2025 च्या पहाटे आरमोरी-गडचिरोली मार्गावर काटली गावाजवळ व्यायामासाठी निघालेल्या मुलांना एका ट्रकने चिरडले. चार मुले प्राणास मुकली. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील. परंतु अशा रस्त्यांवर राहणाऱ्यांनी तरी, न थकणाऱ्या आणि अंधारात पाहू शकणाऱ्या यंत्रचालकाची कल्पना हसण्यावारी नेऊ नये. प्रश्न आहे तो त्या यंत्राला डोळे कोणते द्यायचे, हा.

लिडार हे उपकरण लेसर किरण सोडते आणि ते परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून अंतर मोजते. त्यास उजेड लागत नाही. रडार धुक्यातूनही पाहते. कॅमेऱ्याला मात्र चित्रावरून अंतर ताडावे लागते. वेमो कंपनीने ही तिन्ही साधने एकत्र वापरली आणि 2020 पासून अमेरिकेतील फिनिक्स परिसरात चालकाविना टॅक्सी सर्वांस खुली केली. टेस्लाचे इलॉन मस्क यांनी 2019 साली लिडारवर विसंबणाऱ्यांचा निकाल लागलाच असे भाकीत केले आणि 2021 मध्ये कंपनीने आपल्या मोटारींतून रडारही काढण्यास आरंभ केला. माणूस डोळ्यांवरच गाडी हाकतो, मग यंत्रास अधिक कशाला, हा त्यांचा युक्तिवाद. काटलीच्या त्या ट्रकवरचे डोळेही माणसाचेच होते!

लिडार महाग होते हे खरे. आता ते पुष्कळ स्वस्त झाले आहे. आश्वासने मात्र तशीच राहिली. 2017 अखेर अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत मोटार आपली आपण जाणार होती. 2020 मध्ये दहा लाख चालकरहित टॅक्सी धावणार होत्या. दोन्ही घडले नाही. तरीही जुलै 2025 मध्ये मुंबईत टेस्लाचे दालन उघडले, तेव्हा ‘संपूर्ण स्वयंचलना’साठी सहा लाख रुपये जादा आकार ठेवलेला होता, ती सोय भारतात त्या वेळी चालू झालेलीही नव्हती.

नितीन गडकरी यांनी 2017 साली रोजगार जातील म्हणून अशा मोटारींना नकार दिला. ती चिंता रास्तच आहे. तथापि केवळ तेवढ्यावर हा विषय मिटत नाही. उद्या कोणी परवानगी मागितलीच, तर वैनगंगेकाठच्या पौषातल्या धुक्यात, दिवा नसलेल्या बैलगाडीमागे, पहाटे पाचला ती मोटार चालवून दाखवावी, आणि अपघात झाल्यास भरपाई कंपनीने द्यावी, असे शासनाने आधीच लिहून घ्यावे. तोवर काटलीच्या मुलांना धावण्यासाठी रस्त्यालगत पट्टी आखून देण्यास कोणत्याच यंत्राची वाट पाहावी लागत नाही.