दप्तरातले इन्सुलिन

१४ नोव्हेंबर हा आपल्याकडे बालदिन आणि जगभर मधुमेह दिन. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली मात्रा टोचली, ती अशुद्ध निघाली. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क बारा दिवसांनी दिला, तेव्हा कुठे त्याची साखर उतरली. म्हणजे इन्सुलिनने सावरलेला पहिला रुग्ण शाळकरी वयाचाच होता. आपल्याकडची मधुमेह दिनाची शिबिरे मात्र बहुतेक ज्येष्ठांसाठीच भरतात.

लहान मुलांना बहुधा टाइप १ प्रकारचा मधुमेह होतो आणि तो गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. यात आईचा काडीचाही दोष नसतो. तरीही भेटीला आलेले नातलग तिलाच धारेवर धरतात आणि जाता जाता कसला तरी काढा सुचवून जातात. इथे मोघम बोलून चालणार नाही. काढ्याच्या भरवशावर इन्सुलिन बंद केले, तर मूल काही दिवसांत दगावू शकते.

सुरुवातीच्या खुणा घरातच दिसतात. मूल सारखे पाणी मागते, सारखे लघवीला जाते, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, पोटभर जेवूनही कपडे सैल होतात. ‘जंत झाले असतील’ म्हणून चालढकल होते. मग पोटदुखी, उलट्या, धाप. श्वासाला पिकल्या फळासारखा वास. तोवर रक्तात आम्ल साठलेले असते आणि मूल अतिदक्षता विभागात पोहोचते. बोटाच्या टोकावरच्या रक्ताच्या एका थेंबाने हे सारे वेळीच कळले असते, याची हळहळ वाटते.

निदानानंतरची खरी परीक्षा शाळेत असते. गणिताचा तास चालू असताना मुलीचे हात थरथरू लागतात, कपाळावर घाम येतो, बाईंनी विचारले तर ती भलतेच उत्तर देते. साखर उतरलेली असते. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठायचा. एवढे शिक्षकांना ठाऊक हवे. प्रत्यक्षात ‘तासाला खायचे नाही’ हा नियम आडवा येतो. डबा खाण्याआधीचे इंजेक्शन मुली स्वच्छतागृहात लपून घेतात, कारण बोभाटा झाला तर पुढे लग्न जमणार नाही, असे घरीच सांगितलेले असते. जीव वाचवणारे औषध चोरून घ्यायला लावणे आम्हाला क्रूर वाटते.

सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची मुभा दिली. ती सवलत रोजच्या वर्गात, जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत पोहोचायला हवी. शाळेत निदान एका शिक्षकाला ग्लुकोमीटर वापरता यावा, इंजेक्शनसाठी कडी लागणारी स्वच्छ खोली असावी, कपाटात ग्लुकोजची पुडी असावी. शिक्षण विभागाने तसे परिपत्रक जरूर काढावे. मुख्याध्यापकांनी मात्र त्याची वाट पाहू नये. ही पुडी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आजही मिळते.